पी ५३ : साथीदार कीं पहारेकरी?

मनुष्याच्या पेशींत एक प्रथिन असतें. त्याला घरचें असें नांव नाहीं. ‘पी ५३’ एवढीच त्याची ओळख. ‘पी’ हें प्रथिनाचें आद्याक्षर आणि ५३ हा त्याच्या वजनाचा अंक, तोही चुकलेला! विजेच्या ओढीनें जेलीसारख्या थरांतून प्रथिनें सरकवून त्यांचें वजन अजमावितात. तेथें हें प्रथिन जरा रेंगाळलें, म्हणून त्रेपन्न हजार धरलें गेलें. खरें वजन सुमारें चव्वेचाळीस हजारच भरतें. पण ही चूक किरकोळ. मोठी चूक पुढेंच व्हावयाची होती.

१९७९ सालीं लंडनमध्यें डेव्हिड लेन व लायोनेल क्रॉफर्ड आणि अमेरिकेंत प्रिन्स्टन येथें डॅनियल लिन्झर व आर्नोल्ड लेव्हिन हे माकडांतील एका विषाणूचा अभ्यास करीत होते. त्या विषाणूनें पछाडलेल्या उंदराच्या पेशी कर्करोगी बनत. विषाणूचें प्रथिन त्यांतून बाहेर ओढलें, कीं त्याला बिलगून हें अनोळखी प्रथिनही वर येई. गुन्हेगाराच्या गळ्यांत गळा घातलेला इसम सांपडला, तर त्याला साथीदार कोण म्हणणार नाहीं? १९८४ सालीं तसा पुरावाही मिळाला. त्याचें जनुक पेशींत घातलें असतां तें त्यांना कर्करोगाकडे ढकलण्यांत हातभार लावतें, असें दिसून आलें.

१९८९ सालीं निकाल फिरला. प्रयोगांत वापरलेलीं जनुकें बहुतेक कर्करोगी पेशींतूनच घेतलेलीं होतीं. अर्थात् तीं मुळांतच बिघडलेलीं! निरोगी जनुक वापरतांच उलटा प्रकार झाला; पेशींची बेबंद वाढ रोखली गेली. त्याच वर्षीं बाल्टिमोर येथें बर्ट फोगेलस्टाइन व त्यांचे सहकारी यांनीं मोठ्या आंतड्याच्या कर्करोगांत हेंच जनुक मोडलेलें दाखविलें. विषाणूची ती मिठी मैत्रीची नव्हती. पहारेकऱ्याचे हात बांधण्याची होती. दहा वर्षें शास्त्रज्ञ ती उलट वाचीत होते. १९९२ सालीं लेन यांनींच या प्रथिनाला आनुवंशिक ठेव्याचा रखवालदार म्हटलें.

पण हा रखवालदार काम करतो कसें? डीएनएला इजा झाली, कीं चार रेणू मिळून डीएनएच्या ठराविक जागा धरतात व कांहीं जनुकें जागीं करतात. मग दुरुस्ती होईपर्यंत पेशीचें विभाजन थांबतें, नाहीं तर पेशी आत्मनाश करते. ही पकड १९९४ सालीं न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंग संस्थेंत निकोला पावलेटिच यांच्या मंडळीनें क्ष-किरणांनीं प्रत्यक्ष पाहिली. ३९३ अमिनो आम्लांच्या या साखळींतील केवळ मधला भाग त्यांनीं डीएनएसह स्फटिकरूपांत आणला. त्यांत जस्ताचा एक अणु घडी सांवरून धरतो, आणि २४८ वें व २७३ वें हीं दोन आम्लें डीएनएला थेट भिडतात. रोग्यांच्या गांठींत जीं स्थानें वारंवार बदललेलीं आढळत, त्यांतच हीं दोन अग्रभागीं होतीं! मनुष्याच्या जवळजवळ निम्म्या कर्करोगांत हें जनुक बिघडलेलें असतें.

साखळीचीं दोन्ही टोकें मात्र त्या चित्रांत नव्हतीं. त्यांना स्वतःचा ठाम आकार नाहीं. जोडीदार जसा भेटेल तशी घडी तीं घेतात.