साष्टीच्या लोकांनी मागितलेले पुराण



आमच्या पॅरिशमध्ये मागे पवित्र आत्म्याच्या कृपादानांवर अभ्यासवर्ग झाला. फळ्यावर यादी लिहून झाली तेव्हा मागच्या बाकावरच्या एका आजींनी विचारले, "आणि मनात एखादी गोष्ट उभी करता येणं, ते दान नाही का?" आम्ही गडबडलो. कल्पना म्हटले की आम्हाला मनाचे खेळ आठवतात, लहान मुलांचे नाटक आठवते; आत्म्याची आठवण होत नाही. निर्गमाच्या 31व्या अध्यायातला बसालेलसुद्धा आम्हाला त्या दिवशी सुचला नाही. देवाने त्याला आपल्या आत्म्याने भरले ते कशासाठी? सोन्यारुप्याची, लाकडाची कामे मनात योजून ती हातांनी घडवावीत म्हणून. आजींचे उत्तर राहिले ते राहिलेच. ते देताना आम्हाला गोव्याच्या फादर थॉमस स्टीफन्स यांची गोष्ट सांगावीशी वाटते.

हे जेज्वीट फादर मूळचे इंग्लंडचे. 24 ऑक्टोबर 1579 रोजी ते गोव्यात उतरले आणि 1619 मध्ये इथेच वारले. मायदेशी पुन्हा गेले नाहीत. त्यांची बहुतेक सेवा साष्टीत झाली, आणि ती साष्टी शांत नव्हती. 1567 मध्ये तिथली देवळे पाडली गेली होती. 1583 च्या जुलैत कुंकळ्ळीला फादर रुदोल्फ आक्वाविवा आणि त्यांचे चार जेज्वीट सोबती मारले गेले. मग पोर्तुगिजांनी तिथल्या गावकऱ्यांना बोलणी करायला म्हणून बोलावून ठार केले. स्टीफन्स यांना गोव्यात येऊन तेव्हा चार वर्षेही झाली नव्हती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी भावाला जे पत्र लिहिले, त्यात इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनशी जुळते असे निरीक्षण आहे. दोन्ही बाजूंनी रक्त सांडले होते आणि हा माणूस भोवतालची बोली कान देऊन ऐकत होता.

आता मुख्य प्रसंग. तो स्टीफन्स यांनी आपल्या क्रिस्तपुराणाच्या सुरुवातीच्या भागातच सांगितला आहे. धर्मशिक्षण चालू असताना नव्या ख्रिस्ती लोकांपैकी एक ब्राह्मण उठून बोलला. त्याच्या बोलण्याचा आशय असा: तुम्ही आम्हाला दोत्रिन शिकवलीत, ते बरे झाले. पण आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत. मग त्यांच्या जागी आम्हाला दुसरे पुराण का देत नाही?

हा प्रश्न आम्ही कितीदा वाचला तरी पुढे जायला वेळ लागतो. दोत्रिन म्हणजे प्रश्नोत्तरे. ती पाठ होतात, पण संध्याकाळी घरी बसून चार माणसांत ऐकावे असे त्यांत काही नाही. त्या माणसाने विश्वास स्वीकारला होता, पण त्याचे ऐकणे, गाणे, रात्री जागवणे हिरावले गेले होते. ते हिरावणाऱ्यांत स्टीफन्स यांची मिशनही होती. हे झाकून पुढे जाऊ नये असे आम्हाला वाटते.

स्टीफन्स यांनी त्या माणसाला अविश्वासू ठरवले नाही. त्याला काय उणे आहे हे त्यांनी मनात उभे केले. मग ओवी हाती घेतली, जी ज्ञानेश्वरांनी आणि एकनाथांनी घरोघरी पोचवली होती. सुमारे 11,000 ओव्या, दोन भाग, 95 अवस्वरू. पहिल्या भागात जगाच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याची वाट पाहण्यापर्यंतची कथा, दुसऱ्यात प्रभू येशूचे चरित्र. स्वर्गाला ते वैकुंठ म्हणतात. ऐकणाऱ्याच्या मनात ज्या शब्दाने स्वर्ग उभा राहतो तो शब्द त्यांनी बेधडक घेतला. मराठीची त्यांनी केलेली स्तुती तर शाळेच्या पुस्तकांमुळे पुष्कळांना ठाऊक असेल: रत्नांत, फुलांत, सुगंधांत जे उत्तम, तशी भाषांत ही. परक्या मुलखातल्या माणसाने हे लिहावे! पण तो तोवर परका उरला होता का?

पुराण 1616 मध्ये राशोलला छापले गेले, पुढे 1649 आणि 1654 मध्ये पुन्हा. रविवारी आणि सणांच्या दिवशी ते चर्चमध्ये लोकांना वाचून दाखवत. छपाई मात्र रोमी लिपीत झाली. स्टीफन्स यांच्या मनात वेगळे होते. 1608 मध्ये त्यांनी रोमला आपल्या संघाच्या प्रमुखांना लिहिले, की या देशाच्या भाषेत आणि याच देशाच्या अक्षरांत पुस्तके छापलेली पाहावीत ही आपली पुष्कळ वर्षांची इच्छा आहे. अडचणही त्यांनीच सांगितली होती: अक्षरांचे साचे सहाशेच्या घरात जातात. ते साचे त्यांच्या हयातीत झालेच नाहीत.

पुढे काळ उलटला. 1684 मध्ये पोर्तुगीज सरकारने हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावे. छापलेल्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पुराण वाचले ते हस्तलिखितांत, लोकांनी उतरवून घेतले म्हणून. मंगळूरकडच्या ख्रिस्ती कुटुंबांनी ते जपले, आणि 1907 मध्ये मंगळूरलाच जे. एल. साल्डाना यांनी ते पुन्हा छापले, तेही रोमी लिपीत. देवनागरीत छापलेले पूर्ण पुराण शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून काढले ते 1956 मध्ये. त्या पत्राला तोवर 348 वर्षे झाली होती.

गेल्या उपवासकाळात आम्ही दर शुक्रवारी क्रूसाच्या वाटेनंतर या पुराणातल्या दुःखसहनाच्या ओव्या वाचल्या. पहिल्या शुक्रवारी वाचणारे अडखळत होते, जुनी मराठी जिभेवर बसेना. दुसऱ्या शुक्रवारी त्याच आजींनी पुस्तक मागून घेतले, चष्मा लावला आणि कोणी न सांगता जात्यावरच्या चालीत सुरुवात केली. तिसऱ्या ओवीला मागच्या बाकांवरून आणखी दोघीतिघींचे आवाज आले.