कलकत्त्याच्या रुपयांचा चषक

आमच्या ज्ञातिमंडळाच्या वार्षिक समारंभात जी पारितोषिके वाटली जातात, त्यांतील बहुतेकांच्या मागे कोणा ना कोणा दिवंगत संस्थापकाचे वा देणगीदाराचे नाव असते. नाव पुकारले जाते, टाळ्या पडतात, विद्यार्थी पाकीट घेऊन व्यासपीठावरून खाली उतरतो. परंतु ते नाव कोणाचे, हे त्यास वा त्याच्या मातापित्यांस ठाऊक नसते. निधी ज्या काळी ठेवला गेला त्या काळी त्याच्या व्याजात वर्षाची पुस्तके येत. आज त्यात दोन वह्या येतील की नाही याची शंका आहे. अशा निधींचे पुढे काय करावे, हा प्रश्न मंडळापुढे उभा आहे. त्याचा विचार करीत असता एका परक्या खेळाच्या, परक्या लोकांनी चालविलेल्या संस्थेची हकीकत आम्हांस वारंवार आठवते. ती घडली मात्र आपल्याच देशात, आणि म्हणून येथे थोडी विस्ताराने सांगत आहोत.

रग्बी म्हणजे लांबट चेंडू हाती घेऊन धावण्याचा आणि धावणाऱ्यास अंगाशी भिडून खाली पाडण्याचा खेळ. हुतूतूची धरपकड ज्यांनी पाहिली आहे त्यांस याचे मर्म निराळे समजावून द्यावयास नको. १८७२ सालच्या नाताळच्या दिवशी कलकत्त्यास या खेळाचा एक सामना झाला. एका बाजूस वीस इंग्रज, दुसऱ्या बाजूस स्कॉटलंड, आयर्लंड व वेल्स येथील मिळून वीस. सामना इतका रंगला की आठवड्याने तो पुन्हा खेळण्यात आला, आणि लागलीच, १८७३ च्या जानेवारीत, ‘कलकत्ता फुटबॉल क्लब’ या नावाची संस्था स्थापन झाली. मंडळी सारी साहेबलोकांतील. १८७४ साली विलायतेच्या रग्बी फुटबॉल युनियनने या क्लबास आपल्यात सामील करून घेतले.

चार-पाच वर्षांतच या उत्साहास ओहोटी लागली. बंगालची हवा या खेळास मानवणारी नव्हती. पलटणींतील गडी क्लबाकडून खेळत. त्यांतील एक पलटण कलकत्त्याहून हलली, तेव्हा संघ उणा पडला. टेनिस व पोलो या खेळांनी उरलेल्यांचे मन ओढून घेतले. आणखी एक कारण इंग्रज ग्रंथकार मिश्किलपणे नमूद करतात. ते असे की, क्लबात सभासदांस मद्यपानाची जी मोफत सोय होती ती बंद करण्यात आली! फुकटचे बंद होताच हजेरीपट ओसरतो, हा अनुभव केवळ गोऱ्यांच्याच क्लबांचा आहे असे नव्हे. पण तो विषय येथे नको.

क्लब बंद करावयाचे ठरले. खात्यात रक्कम शिल्लक होती. अशा वेळी सामान्यतः जे होते ते येथेही झाले असते: एखादी मेजवानी उठली असती, किंवा सभासदांनी आपापला वाटा उचलला असता. परंतु क्लबाचे कप्तान, कार्यवाह व कोषाध्यक्ष या तिन्ही जागा सांभाळणारे जी. ए. जेम्स रॉथनी यांनी २० डिसेंबर १८७७ रोजी युनियनला पत्र लिहिले. शिल्लक रकमेतून एक चषक करवून तो युनियनच्या स्वाधीन करावा, म्हणजे खेळाचे काही टिकाऊ हित होईल आणि क्लबाची थोडी आठवणही राहील, असा त्या पत्राचा आशय होता. चषकासाठी दरवर्षी सामना व्हावा, अशी क्लबाची अट होती. युनियनने देणगी स्वीकारली.

मग बँकेतून २७० रुपये काढण्यात आले. ते रुपये चांदीचे. त्या काळी एका रुपयाचे वजन बरोबर एक तोळा असे आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी असे. हे रुपये वितळवून त्यांचाच चषक घडविण्यात आला. उंची सुमारे अठरा इंच, काम हिंदी कारागिरीचे. तीन बाजूंस तीन मुठी, आणि प्रत्येक मूठ म्हणजे फणा काढलेला नाग. घुमटाकार झाकणावर अंबारीसह हत्ती. तो हत्ती व्हाइसरॉयच्या पीलखान्यातील एका हत्तीवरून घडविला, असे सांगतात. चषकावर लेख कोरलेला आहे. त्यात देणाऱ्या क्लबाचे नाव आहे, घेणाऱ्या युनियनचे नाव आहे, इंग्लंड व स्कॉटलंड यांनी तो दरवर्षी खेळावा हा हेतू आहे, १८७८ हे साल आहे. ज्याच्या हातांनी ते नाग घडविले त्याचे नाव त्या लेखात नाही. हे आम्हांस खटकते, आणि वाचकांसही खटकावे.

क्लबाची इच्छा अशी होती की, विलायतेतील अनेक क्लबांनी या चषकासाठी चढाओढ करावी. ती युनियनने मानली नाही. दोन राष्ट्रांच्या वार्षिक सामन्यास तो लावून दिला. दात्याची इच्छा बदलली हे खरे, तथापि अट सुटली नाही. १० मार्च १८७९ रोजी एडिंबरो येथील रेबर्न प्लेस मैदानावर पहिला सामना झाला, तो बरोबरीत सुटला. पुढच्या वर्षी इंग्लंडने चषक जिंकला. १८८५, १८८८ व १८८९ ही भांडणाची वर्षे आणि दोन महायुद्धांचा काळ वगळता हा सामना दरसाल चालत आला आहे. चषकाच्या लाकडी बैठकीवर त्या त्या वर्षाचा विजेता व दोन्ही कप्तानांची नावे लावलेली असतात. १९८८ साली सामन्यानंतरच्या रात्री दोघा खेळाडूंनी एडिंबरोच्या रस्त्यावर हाच चषक चेंडूसारखा उडवून चेपविला. त्यांस शिक्षा झाली, चषक दुरुस्त करण्यात आला. इतक्या अपमानातूनही तो वाचला!

इकडे कलकत्त्यास १८८४ साली तेथील क्रिकेट क्लबाने रग्बी पुन्हा सुरू केली, आणि १८९० साली स्थानिक क्लबांसाठी दुसरा चषक ठेवला. त्यालाही लोक कलकत्ता चषकच म्हणू लागले. म्हणजे मूळ चांदी समुद्रापार गेल्यावर गावाला आपली आठवण नव्याने विकत घ्यावी लागली.

रॉथनी यांनी चषकास स्वतःचे नाव लावले नाही. आमच्याकडे नाव आधी ठरते, काम मागाहून. तरीही या हकीकतीवरून संस्थापकांची नावे पारितोषिकांवरून काढून टाकावीत, असे आम्ही म्हणणार नाही. ज्यांनी भाड्याच्या खोलीत पहिले विद्यार्थिगृह चालविले, त्यांचे नाव घेणे हे मंडळाचे कर्तव्यच आहे. आमची सूचना मर्यादित आहे. अत्यल्प व्याजाचे निधी, देणगीदारांच्या वारसांची संमती घेऊन, एकत्र करावेत. त्यांतून एक फिरती ढाल करावी व तिच्यावर दरवर्षीच्या विजेत्याचे नाव कोरावे. प्रमाणपत्राच्या पाठीमागे, ज्याच्या नावे पारितोषिक आहे त्याने मंडळासाठी काय केले, हे चार ओळींत छापावे. ढाल घडविणाऱ्या कारागिराचे नावही खाली असावे.

ही सूचना येत्या सर्वसाधारण सभेपुढे मांडण्यात येईल. ज्या कुटुंबांकडे जुन्या संस्थापकांची पत्रे, छायाचित्रे वा हिशेबाच्या वह्या असतील, त्यांनी त्या मंडळाच्या कचेरीत आणून द्याव्यात. नक्कल करून घेऊन मूळ कागद पोच घेऊन परत केले जातील.