कृत्रिम सांधा आणि शरीराचा पहारा

खुब्याचा झिजलेला सांधा काढून कृत्रिम सांधा बसवण्याची शस्त्रक्रिया आता सर्वपरिचित आहे. मात्र धातू आणि प्लास्टिकचा हा सांधा शरीराच्या लेखी परकाच असतो. दुसऱ्या व्यक्तीचे मूत्रपिंड बसवल्यास प्रतिकारयंत्रणा त्यावर हल्ला चढवते. निर्जीव पदार्थाबाबत तिची रीत वेगळी असते.

प्रतिसादाचे टप्पे

पदार्थ शरीरात जाताच त्याच्या पृष्ठभागावर रक्तातील प्रथिनांचा थर बसतो. त्यानंतर तेथे न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी पोहोचतात आणि त्यांच्या मागोमाग मॅक्रोफेज, म्हणजेच भक्षक पेशी. वस्तू गिळण्याजोगी नसेल, तर अनेक भक्षक पेशी एकमेकींत मिसळून महापेशी तयार होतात. एवढ्यानेही ती नष्ट झाली नाही, तर शरीर तिच्याभोवती तंतुमय आवरण तयार करून तिला वेगळे पाडते.

चार्नली यांचा धडा

इंग्लंडमधील राइटिंग्टन रुग्णालयातील शल्यविशारद जॉन चार्नली यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस कृत्रिम खुब्यासाठी टेफ्लॉनची वाटी वापरली. टेफ्लॉनची अन्य पदार्थांशी सहसा रासायनिक क्रिया होत नाही. त्यामुळे शरीर ते स्वीकारेल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात काही वर्षांतच वाट्या झिजल्या, सुटलेल्या कणांभोवती दाह निर्माण झाला आणि सांधे सैल झाले. अनेक रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. चार्नली यांनी टेफ्लॉन आणि पॉलिएथिलीनचे नमुने स्वतःच्या मांडीत घालून घेतले. काही महिन्यांनी टेफ्लॉनच्या जागी गाठी आढळल्या, पॉलिएथिलीनच्या जागी तशी प्रतिक्रिया दिसली नाही. १९६२ पासून त्यांनी अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीनची वाटी वापरण्यास सुरुवात केली.

कणांचा धोका

पॉलिएथिलीनही झिजते, पण पुष्कळ सावकाश. त्याचे सूक्ष्म कण भक्षक पेशी गिळतात. मात्र ते त्यांना पचवता येत नाहीत. मग या पेशी दाह वाढवणारी रसायने सोडतात. त्यामुळे हाड शोषून घेणाऱ्या पेशी सक्रिय होतात, सांध्याभोवतीचे हाड विरळ होते आणि जंतुसंसर्ग नसतानाही सांधा सैल होतो. हे वर्षानुवर्षे वेदनेविना घडू शकते. म्हणूनच ठरावीक काळाने क्ष-किरण तपासणीचा सल्ला दिला जातो.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस अधिक झीजरोधक पॉलिएथिलीन वापरात आले आणि हा धोका बराच घटला. पदार्थ अखंड असताना शरीराने तो सहन केला, एवढे पुरेसे नाही. झिजल्यावर त्याच्या कणांचे काय होते, यावर सांध्याचे आयुष्य ठरते.