झाकीर साहेबांची तसबीर आणि त्यांची तालीम

बी.एड.ला असताना आम्ही पेस्टालॉझी, फ्रोबेल, ड्यूई यांची मते पाठ केली आणि परीक्षेत लिहून मोकळे झालो. आपल्याच विदर्भात, वर्ध्याला, एका मुस्लिम शिक्षणतज्ज्ञाने मूल कसे शिकते याचा मांडलेला विचार मात्र आम्ही चार ओळींत उरकला.

२२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. अभ्यासक्रम आखण्यासाठी जी समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष होते जामिया मिल्लियाचे डॉ. झाकीर हुसेन. ख्वाजा गुलामुस सय्यदैन, विनोबा, काका कालेलकर हे सदस्यांपैकी. डिसेंबरमध्ये अहवाल आला. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, तेही मातृभाषेतून. आणि शिक्षणाच्या केंद्रस्थानी सूतकताई, सुतारकाम किंवा शेतीसारखा एखादा उद्योग.

झाकीर साहेब बर्लिनला शिकले होते. म्युनिकच्या शाळांत हातकामाला मानाचे स्थान देणाऱ्या केर्शेनस्टाइनर यांचा त्यांच्यावर प्रभाव होता. शाळेचा खर्च मुलांच्या कामातून निघावा, असे गांधीजींना वाटे. समितीने मात्र बजावले की, कमाईच्या नादात शिक्षणाचा हेतू हरवता कामा नये. मुलाने कामातून आखणी, अचूकपणा, सहकार्य आणि जबाबदारी शिकावी, हा मूळ हेतू.

त्याच सुमारास मध्य प्रांत व वऱ्हाडात रविशंकर शुक्लांची ‘विद्या मंदिर’ योजना आली. आपले वाशीमही याच प्रांतात होते. ‘मंदिर’ या शब्दाला मुस्लिमांनी हरकत घेतली. उर्दूचे काय होणार, हीही धास्ती होती. मुस्लिम लीगच्या १९३८ च्या पीरपूर अहवालात ही तक्रार नोंदली गेली. ती धास्ती समजण्यासारखी होती. पण नावाच्या वादात तालीम बाजूला पडली. पुढे कित्येक शाळांत तकली उरली, तिच्यामागचा विचार सुटला.

आमच्या वर्गात एका शिंप्याचा मुलगा होता. फळ्यावरच्या अपूर्णांकांपुढे तो गप्प बसे. एके दिवशी आम्ही त्याच्या हाती मोजपट्टी दिली आणि त्याच्या घरच्या बोलीत सव्वा मीटर, पाऊण मीटरचा हिशेब विचारला. त्याने तोंडी सांगितला, वर आमची एक चूकही दाखवली.

१९६७ मध्ये झाकीर साहेब राष्ट्रपती झाले. त्यांची तसबीर आपण अभिमानाने लावतो. त्यांचा अहवाल आपल्यापैकी किती उस्तादांनी वाचला? आम्ही स्वतः नोकरीला लागल्यावर कित्येक वर्षांनी वाचला. तोवर गप्प बसलेली किती मुले आमच्या हातून निघून गेली, याचा हिशेब आम्हांला देता येत नाही.