मोटार एंजिनातील धारव्यांचे नूतनीकरण
मोटार एंजिनातील धारव्यांचे नूतनीकरण : मोटारगाडीच्या एंजिनाची पुनर्बांधणी करताना भुजादंड व संयोगदांडे यांचे झिजलेले धारवे काढून त्यांच्या जागी योग्य मापाचे नवे धारवे बसविण्याची क्रिया. फिरत्या दंडाला जागच्या जागी धरून त्याचे फिरणे सुकर करणाऱ्या भागाला धारवा म्हणतात. गॅरेजांत तो बेअरिंग याच नावाने ओळखला जातो. दट्ट्याची वरखाली होणारी हालचाल संयोगदांड्यामार्फत भुजादंडाला, म्हणजेच क्रँकशाफ्टला, मिळते व तिचे चक्रगतीत रूपांतर होते. सिलिंडर ठोकळ्यात भुजादंडाला आधार देणाऱ्या धारव्यांना मुख्य धारवे व संयोगदांड्याच्या मोठ्या टोकातील धारव्यांना दांड्याचे धारवे म्हणतात. भुजादंडाचा जो गुळगुळीत व अचूक गोल भाग धारव्यात फिरतो, त्यास जर्नल अशी संज्ञा आहे.

धारवा झिजणे आणि भुजादंड खराब होणे यांत महत्त्वाचा फरक आहे. धारवा बदलता येतो. भुजादंड मात्र घासून दुरुस्त करावा लागतो व दर वेळी त्याचे थोडे द्रव्य कायमचे जाते. म्हणून धारवा मुद्दाम दंडापेक्षा मऊ धातूचा करतात. वंगणाबरोबर आलेला बारीक कण त्या मऊ धातूत रुतून बसतो आणि जर्नलवर ओरखडा उठत नाही. जुन्या गाडीचा भुजादंड नव्याने मिळणे बहुधा अशक्य असल्याने धारव्यांच्या निवडीतील चूक सबंध एंजिनाला मुकण्यास कारण होऊ शकते.

इतिहास : मऊ धातूच्या अस्तराची कल्पना मोटारगाडीपेक्षा जुनी आहे. आयझॅक बॅबिट या अमेरिकन कारागिराने १८३९ मध्ये धारव्याच्या पेटीचे एकस्व (पेटंट) घेतले. एकस्व मुख्यतः मऊ अस्तर कठीण पेटीत पक्के धरून ठेवण्याच्या रचनेचे होते. अस्तरासाठी त्यात उदाहरणादाखल सांगितलेली ५० भाग कथिल, ५ भाग अँटिमनी व १ भाग तांबे ही मिश्रधातू मात्र पुढे बॅबिट धातू किंवा श्वेत धातू म्हणून सर्वत्र प्रचारात आली.

धारवा प्रत्यक्षात काम कसा करतो याचा उलगडा इंग्लंडमध्ये झाला. बोशां टॉवर यांनी १८८३ मध्ये रेल्वेच्या आसाच्या धारव्यावर प्रयोग करताना त्याच्या माथ्यावर तेलासाठी छिद्र पाडले. दंड फिरू लागताच त्यातून तेल उलट वर येऊ लागले. छिद्रात ठोकलेले बूचही बाहेर फेकले गेले. दाबमापक जोडल्यावर धारव्यावरील सरासरी भाराच्या दुपटीहून अधिक दाब आढळला. ऑस्बर्न रेनल्ड्स यांनी १८८६ मध्ये याची गणिती उपपत्ती मांडली. फिरणारा दंड तेलाला पाचरीसारख्या निमुळत्या फटीत ओढून नेतो व तेथे निर्माण होणाऱ्या दाबावर तो तरंगत राहतो. याचा अर्थ असा की, सुस्थितीतील एंजिनात धातू धातूला लागत नाही व धारव्याचे आयुष्य त्याच्या धातूइतकेच दंड व धारवा यांमधील फटीवर अवलंबून असते.

प्रारंभीच्या मोटारगाड्यांत श्वेत धातू वितळवून ठोकळ्यात व संयोगदांड्यात थेट ओतीत. फोर्ड कंपनीच्या मॉडेल टी (१९०८–२७) या गाडीचे धारवे याच पद्धतीचे होते व त्यांना पंपावाचून केवळ शिंतोड्यांनी वंगण मिळे. ओतलेला धातू थंड झाल्यावर कारागीर जर्नलला निळा रंग लावून दंड फिरवी, रंग उमटलेले उंचवटे तासणीने खरवडून काढी आणि सर्वत्र सारखा स्पर्श होईपर्यंत हे पुन्हा पुन्हा करी. अनेक एंजिनांत टोपणाखाली पातळ पत्र्याच्या चकत्या ठेवलेल्या असत. झीज झाली की, एखादी चकती काढून फट कमी केली जाई. या पद्धतीत प्रत्येक धारवा एकाच दंडासाठी घडलेला असे. त्याचे माप कोठे लिहिलेले नसे, ते कारागिराच्या हातात असे.

हे चित्र पातळ कवचाच्या धारव्यांनी पालटले. पोलादी पट्टीवर धारव्याच्या धातूचा पातळ थर चढवून, ती वाकवून अर्धवर्तुळाकार कवचे करण्याचे तंत्र अमेरिकेतील क्लीव्हलंड ग्रॅफाइट ब्राँझ या कंपनीने विकसित केले. टोनी व्हँडरव्हेल यांनी १९३० नंतरच्या दशकात त्याचा परवाना मिळवून ब्रिटनमध्ये उत्पादन सुरू केले. याच व्हँडरव्हेल यांच्या व्हॅनवॉल शर्यतगाड्यांनी १९५८ मध्ये फॉर्म्युला वन शर्यतींतील उत्पादकांचे पहिले अजिंक्यपद पटकावले. मऊ धातूचा थर जितका पातळ, तितका तो वारंवार पडणाऱ्या भाराने तडकण्यास अधिक विरोध करतो. पोलादाच्या आधारामुळे असा पातळ थर वापरणे शक्य झाले. जास्त भारासाठी तांबे-शिसे व १९५० नंतरच्या दशकात ॲल्युमिनियम-कथिल या मिश्रधातू पुढे आल्या. तरीही जुनी पद्धत लगेच नाहीशी झाली नाही. शेव्हर्ले गाड्यांच्या सहा सिलिंडरी एंजिनांतील संयोगदांड्यांचे ओतीव धारवे १९५३–५४ पर्यंत टिकून होते.

निवड व उपलब्धता : कवचाचा धारवा ठराविक मापाचा असल्याने तो खरवडावा लागत नाही, त्याच्या मापाला जुळेल असा दंडच घासून घेतात. यासाठी मूळ मापाखेरीज ०·०१०, ०·०२०, ०·०३० इंच किंवा ०·२५, ०·५०, ०·७५ मिमी. कमी व्यासाच्या जर्नलांसाठीही कवचे तयार करतात. गॅरेजांत यांना अंडरसाइज म्हणतात. मिळणाऱ्या शेवटच्या मापापर्यंत दंड घासला गेला की, पुढील घासणीला वाव उरत नाही. म्हणून कवचे हाती येऊन मोजली जाईपर्यंत दंड घासण्यास देऊ नये, हा अनुभवी कारागिरांचा नियम आहे. कवचाच्या पाठीवर निर्मात्याची खूण व माप कोरलेले असते. जुन्या साठ्यातील खोक्यावरील चिठ्ठीपेक्षा ही खूण व सूक्ष्ममापकाने घेतलेले माप अधिक विश्वसनीय होय.

मूळ कवचे मिळत नसतील, तर दोन मार्ग उरतात. एक म्हणजे दुसऱ्या एंजिनाची कवचे बसतील असे दांड्याचे व ठोकळ्याचे भोक कापून घेणे आणि दुसरा म्हणजे श्वेत धातू पुन्हा ओतणे. ओतण्यापूर्वी जुना धातू वितळवून काढतात, पृष्ठ स्वच्छ करून त्यावर कथलाची कल्हई करतात व ओतल्यानंतर सर्व मुख्य धारवे एकाच सरळ रेषेत छेदून घेतात. श्वेत धातूच्या जागी तांबे-शिशाची कवचे घालणे नेहमीच हिताचे नसते. कठीण कवचाला कठीण जर्नल व गाळलेले स्वच्छ तेल लागते. यूरोपीय संघाच्या २००० सालच्या निदेशानंतर नव्या गाड्यांच्या धारव्यांतून शिसे क्रमशः वगळले गेल्यामुळे हा प्रश्न आणखी नाजूक झाला आहे.

बसविण्याची क्रिया : जुनी कवचे टाकून देण्यापूर्वी त्यांचे निरीक्षण करतात. एका बाजूस वर व दुसऱ्या बाजूस खाली अशी तिरपी झीज वाकलेल्या संयोगदांड्याची निदर्शक असते. त्याचे कारण दूर केल्याशिवाय घातलेला नवा धारवाही तसाच झिजतो. दंड घासताना जर्नलच्या कडेची गोलाई कायम ठेवावी लागते. तेथे तीक्ष्ण कोपरा राहिल्यास भेग पडून दंड तुटतो. दंडातील तेलाच्या वाटा बुचे काढून धुतात. प्रत्येक टोपण त्याच्या मूळ जागी व मूळ दिशेनेच बसवितात.

कवचाचे प्रत्येक अर्धुक अर्धवर्तुळापेक्षा किंचित लांब असते. टोपण आवळताना ती एकमेकांवर दाबली जाऊन भोकाला घट्ट चिकटतात व उष्णता ठोकळ्याकडे वाहून नेतात. हा जादा भाग कानशीने घासणे ही गंभीर चूक होय. कवचाची पाठ कोरडी व स्वच्छ, तर आतील पृष्ठ तेल लावलेले असावे. फट सामान्यतः जर्नलच्या व्यासाच्या सहस्रांशाच्या आसपास, म्हणजे ५० मिमी. जर्नलला सु. ०·०५ मिमी. असते; तथापि निर्मात्याने दिलेले माप हेच अंतिम होय. ती मोजण्यासाठी जर्नलवर मऊ प्लॅस्टिकचा धागा ठेवून टोपण ठरलेल्या पीळाने आवळतात व चपट्या झालेल्या धाग्याची रुंदी मापपट्टीशी ताडतात. या वेळी दंड फिरविता कामा नये. फट कमी असल्यास धारवा तापून धरतो व जास्त असल्यास तेलाचा दाब घसरतो. एंजिन प्रथम सुरू करण्यापूर्वी तेलाच्या वाटा भरून घेतात, कारण नव्या धारव्याची सर्वाधिक हानी कोरड्या फिरण्याने होते.

भारतात या कामाला वेगळे स्वरूप आले. मुंबईच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची (स्थापना १९४४) फियाट ११०० पासून आलेली पद्मिनी व हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसडर (१९५८–२०१४) यांची मूळ एंजिने जुन्या यूरोपीय रचनेची होती व दोहोंत तीन मुख्य धारवे होते. तेथे ही एंजिने मागे पडल्यानंतरही येथे ती दशकानुदशके बनत राहिली. पद्मिनी मुंबईच्या रस्त्यांवर टॅक्सी म्हणून २०२३ पर्यंत धावत होती. टॅक्सीचे एंजिन उघडून, दंड घासून व पुढील मापाची कवचे घालून ते पुन्हा रस्त्यावर आणणे हे येथे छंदाचे नव्हे, तर उपजीविकेचे काम होते. उत्पादन थांबल्यानंतर उरलेल्या गाड्यांचे आयुष्य आता शिल्लक कवचांवर आणि त्यांच्या भुजादंडांत उरलेल्या दोन-तीन घासण्यांवर अवलंबून आहे.