काचेखालची भेग

हुडकेश्वरच्या स्लॅबांवर आता सौरपॅनेलांच्या निळ्या-काळ्या रांगा दिसतात. पंचवीस वर्षांच्या हमीवर ती वर चढतात. पण न उघडता, न फोडता त्यांचे वय कसे ओळखायचे?

सिलिकॉनचा सौरघट बेल प्रयोगशाळेने १९५४ मध्ये जगापुढे आणला. गंमत अशी, की त्याच्या वार्धक्याची परीक्षा घेणारे तत्त्व त्याआधीच हाती आले होते. सिलिकॉनमध्ये वीज सोडली तर त्यातून किरण बाहेर पडतात, हे हेन्स आणि ब्रिग्ज यांनी १९५२ मध्येच दाखवले होते. त्याचा पुरता उपयोग व्हायला अर्धे शतक गेले. २००५ मध्ये जपानमधल्या नारा येथे ताकाशी फुयुकी आणि सहकाऱ्यांनी सौरघटाला उलट्या कामाला लावले. अंधारात त्यालाच वीज पाजली आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त उजेड कॅमेऱ्याने टिपला. धड भाग उजळतो, वीज न पोचणारा तुकडा काळा राहतो.

आपल्याकडे हे काम मुंबईच्या आयआयटीतील प्रकाशविद्युत केंद्राने अंगावर घेतले. २०१३, २०१४, २०१६ आणि २०१८ मध्ये देशभर पाहण्या झाल्या. (त्याच २०१३ च्या २३ मे रोजी नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता.) लडाखच्या थंडीपेक्षा उष्ण प्रदेशांत पॅनेले लवकर थकतात, हे अपेक्षितच होते. खरा धक्का वेगळा होता: मोठ्या प्रकल्पांपेक्षा छतावरची छोटी संचरचना अधिक वेगाने झिजत होती. संशोधकांनी बोट ठेवले ते निकृष्ट हाताळणी आणि उभारणीवर. मला हे ऊन्हापेक्षा गंभीर वाटते, कारण ऊन आपल्या हातात नाही. पॅनेलवर पाय देऊन नट आवळणारा माणूस आहे.

इथे एक घोटाळा टाळायला हवा. भर दुपारी पॅनेल तापले की वीज घटते, पण ती घट संध्याकाळी विरते. वार्धक्याची घट परत येत नाही. घटांभोवतीचे प्लास्टिक पिवळे पडते, ओलावा शिरला की त्यातून ॲसिटिक आम्ल सुटते आणि घटावरच्या धातूच्या बारीक रेघा गंजतात. पिवळेपणा डोळ्यांना दिसतो. केसाएवढी भेग दिसत नाही.

ती दाखवणारा कॅमेरा घरमालकाच्या छतावर क्वचितच चढतो. त्यासाठी रात्र हवी, जोडणी सोडवणारा जाणकार हवा, वीज पुरवणारे यंत्र हवे. हमीचा दावा लढवायचा तर पुरावा मात्र घरमालकानेच आणायचा असतो. त्याच्या हाती असते ती इन्व्हर्टरच्या पडद्यावरची युनिटांची नोंद. तीही पहिल्या वर्षापासून लिहून ठेवली असेल तर.