चोख हिशेब आणि एकत्रित वाणी
(स्वयंसेवी संस्थांच्या राष्ट्रीय संघटनाचा इतिहास)

संस्थेच्या जीवनात पन्नास वर्षांचा टप्पा हा जसा आनंदाचा, तसाच सिंहावलोकनाचाही असतो. ठाणे, कल्याण व डोंबिवली परिसरातील जैन समाजास संस्थाजीवन नवीन नाही. ठाण्यातील टेंभी नाक्यावरचे श्री मुनिसुव्रतस्वामींचे जिनालय ‘कोकण शत्रुंजय’ म्हणून विख्यात आहे आणि श्रीपाल-मयणासुंदरीच्या कथेने ही नगरी पावन मानली गेली आहे. जिनालय, उपाश्रय, पाठशाळा, आयंबिल शाळा, पांजरापोळ, दवाखाना अशा संस्था समाजाच्या दानावर उभ्या राहिल्या. दाता निश्चिंत राहिला, कारण देवद्रव्य, ज्ञानद्रव्य, जीवदया आणि साधारण ही खाती वेगवेगळी ठेवण्याचा व एका खात्याची रक्कम दुसऱ्या खात्यात न वळविण्याचा दंडक परंपरेनेच घालून दिलेला आहे.

तथापि वही कितीही चोख असली, तरी कायद्यासमोर व शासनासमोर एकटी संस्था दुर्बळ ठरते. या एकटेपणावर देशातील स्वयंसेवी संस्थांनी कसा मार्ग काढला, त्याचा इतिहास प्रत्येक विश्वस्ताने जाणून घ्यावा असा आहे.

त्याची पूर्वपीठिका मुंबई राज्यातच सापडते. ‘मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, 1950’ अन्वये सर्व धर्मांच्या सार्वजनिक न्यासांना नोंदणी, हिशेबतपासणी आणि धर्मादाय आयुक्तांची देखरेख लागू झाली. एका सार्वजनिक जैन देरासराचे वहिवाटदार रतिलाल पानाचंद गांधी यांनी या कायद्यास आव्हान दिले. पारशी पंचायतीच्या विश्वस्तांनीही स्वतंत्रपणे न्यायालयाचा दरवाजा ठोठावला. 1954 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही अपिलांवर एकत्रित निर्णय दिला. नोंदणी व हिशेबतपासणी न्यायालयाने वैध ठरविली आणि न्यासांकडून घेतले जाणारे अंशदान हा कर नसून शुल्क आहे, असे मानले. मात्र धर्मादाय आयुक्तांनाच धार्मिक न्यासाचे विश्वस्त नेमण्याची तरतूद त्याने रद्द केली. धार्मिक कार्याचा हेतू पूर्ण करणे शक्य असतानाही तो निधी अन्यत्र वळविण्याचा अधिकारही न्यायालयाने अमान्य केला. देवद्रव्याच्या परंपरागत दंडकास राज्यघटनेच्या अनुच्छेद 25 व 26 चा आधार लाभला. शासनाने हिशेब जरूर पाहावा, परंतु संस्थेचा आत्मा हिरावून घेऊ नये, हे या निकालाचे सार होय.

दोन समाजांचे विश्वस्त एकाच प्रश्नावर न्यायालयात गेले खरे, परंतु त्यांची कायमस्वरूपी संघटना नव्हती. राष्ट्रीय पातळीवर अशा संघटनेचा महत्त्वाचा प्रयत्न 1958 मध्ये झाला. सर्वोदय विचाराच्या कार्यकर्त्यांनी ग्रामविकासात गुंतलेल्या संस्थांचा ‘असोसिएशन ऑफ व्हॉलंटरी एजन्सीज फॉर रूरल डेव्हलपमेंट’ अर्थात ‘अवार्ड’ हा संघ स्थापन केला. जयप्रकाश नारायण हे त्याचे संस्थापक-अध्यक्ष होते.

पुढील काळ कसोटीचा ठरला. आणीबाणीत, 1976 मध्ये, परदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणारा कायदा आला. 1982 मध्ये गांधी शांती प्रतिष्ठान, सर्व सेवा संघ, ‘अवार्ड’ आदी संस्थांच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती कुदाल आयोग नेमण्यात आला. चौकशी वर्षानुवर्षे चालली. खेड्यात विहिरी खणणाऱ्या आणि शाळा चालविणाऱ्या कार्यकर्त्यांचा वेळ खुलासे लिहिण्यात जाऊ लागला. त्याच सुमारास सातव्या पंचवार्षिक योजनेत स्वयंसेवी संस्थांना मोठे स्थान देण्याचे धोरण आखले जात होते. त्यासोबतच संस्थांसाठी राष्ट्रीय परिषद व आचारसंहिता कायद्याने निर्माण करावी, असा प्रस्ताव पुढे आला. राजस्थानातील तिलोनिया येथे कार्य करणारे बंकर रॉय हे त्याचे प्रमुख पुरस्कर्ते होते. आचारसंहिता हवी, हे अनेकांना मान्य होते, परंतु ती कायद्याने लादली गेल्यास संस्था शासनाचे खाते बनतील, अशी भीती होती. देशभर वादविवाद झाला आणि तो प्रस्ताव कायद्यात उतरला नाही.

या मंथनातून 1988 मध्ये ‘व्हॉलंटरी ॲक्शन नेटवर्क इंडिया’ ही राष्ट्रीय संघटना उदयास आली. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांतून तयार झालेले ‘वाणी’ हे नाव किती अर्थपूर्ण आहे! लहान संस्थांचे म्हणणे दिल्लीपर्यंत पोहोचविणे, कायद्यांतील बदल त्यांना समजावून देणे, प्रशिक्षण व अभ्यास हाती घेणे आणि पारदर्शक कारभाराचा आग्रह धरणे, हे तिचे कार्य राहिले. केंद्र सरकारने 2007 मध्ये स्वयंसेवी क्षेत्राविषयी राष्ट्रीय धोरण स्वीकारले. संस्थांच्या स्वायत्ततेस त्यात मान्यता मिळाली आणि स्वयंनियमनास उत्तेजन देण्यात आले. अशा धोरणासाठी ‘वाणी’ने दीर्घकाळ पाठपुरावा केला होता.

अशा जाळ्याचे प्रत्यक्ष मोल आपत्तीच्या वेळी कळते. ठाणे-डोंबिवलीत स्थायिक झालेल्या कित्येक कच्छी जैन कुटुंबांना 26 जानेवारी 2001 चा भूकंप आजही विसरता येत नाही. 1998 च्या चक्रीवादळानंतर तेथील संस्थांनी ‘कच्छ नवनिर्माण अभियान’ हे संघटन उभारले होते. त्यामुळे भूकंप झाला तेव्हा गावोगावच्या कामाचा समन्वय साधणारी यंत्रणा अगोदरच सिद्ध होती. दानाचा ओघ कितीही मोठा असला, तरी कोणत्या गावास काय हवे हे ठाऊक असल्याखेरीज तो योग्य ठिकाणी पोहोचत नाही.

या इतिहासाचा शेवट केवळ यशोगाथेने होत नाही. 2020 च्या दुरुस्तीने परदेशी देणगी एका संस्थेने दुसऱ्या संस्थेस देण्यास मनाई झाली. ‘वाणी’ने त्याविरुद्ध आवाज उठविला. तथापि 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्तीतील मुख्य तरतुदी वैध ठरविल्या. त्याच 2020 च्या वित्त अधिनियमाने धर्मादाय न्यासांची प्राप्तिकरविषयक कायमस्वरूपी नोंदणी जाऊन मुदतीची नोंदणी आली. ज्यांना परदेशी देणगीशी काडीचाही संबंध नाही, अशा गावातील लहान ट्रस्टांनाही पुन्हा अर्ज भरावे लागले. संघटना असली म्हणजे प्रत्येक लढा जिंकता येतोच असे नाही. परंतु बदलाची सूचना वेळेवर मिळते, सल्ला मिळतो आणि एका संस्थेची अडचण इतरांनाही आपली वाटते.

जीवांनी परस्परांना उपकारक व्हावे, ही जैन दर्शनाची शिकवण आहे. संस्थांनाही ती तितकीच लागू पडते. एकाच शहरात अनेक संघ व अनेक ट्रस्ट आपापल्या परीने वैद्यकीय मदत, शिष्यवृत्ती आणि जीवदयेचे कार्य करीत असतात. हिशेब आपापले राहोत, खातीही स्वतंत्र राहोत. मात्र माहितीची देवाणघेवाण, कायदेविषयक सल्ला व आपत्तीतील मदत यांत एकत्र येण्यास कोणताही पंथभेद आड येण्याचे कारण नाही. सुवर्णमहोत्सवी वर्षात विश्वस्त मंडळांनी या दिशेने एक पाऊल टाकले, तर पुढील पन्नास वर्षांच्या कार्यास भक्कम आधार लाभेल.

॥ जय जिनेंद्र ॥